गप्पा संपल्यावर श्रोता काय सांगतो, आणि ते कसं ऐकावं

प्रश्न असा आहे: ‘आमच्या तालुक्याच्या गावी एक संगीत मंडळ आहे. गेली काही वर्षं आम्ही मैफलींबरोबर शास्त्रीय गायक-वादकांशी गप्पांचे कार्यक्रमही ठेवतो. लोक येतात, टाळ्या वाजवतात, पण त्यांना नेमकं काय मिळालं ते आम्हाला कळत नाही. अभिप्रायाच्या वहीत सगळे “अप्रतिम” लिहून जातात. काही जुने सभासद म्हणतात, बोलणं बंद करा, नुसतं गाणं ठेवा. प्रश्नोत्तरांत दर वेळी तेच प्रश्न येतात. मागच्या खेपेला एका जाणकार सभासदांनी भर सभेत गायिकेला “राग चुकला” म्हणून टोकलं आणि सगळ्यांचाच विरस झाला. आता परदेशातल्या मराठी मंडळींसाठी ऑनलाइन गप्पाही ठेवायच्या आहेत. श्रोत्यांचा प्रतिसाद घ्यावा कसा आणि त्यातून काय समजून घ्यावं?’

उत्तर:

कलावंतांना बोलतं करण्याचं काम मी आधी रेडिओसाठी आणि पुढे सभागृहांत बरीच वर्षं केलं आहे. त्यामुळे तुमची अडचण मला चांगलीच ओळखीची आहे. वहीत ‘अप्रतिम’ लिहिणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याची संध्याकाळ चांगली गेली, एवढं तो मनापासून सांगतो. पण तुम्हाला जे कळायला हवं ते त्या शब्दात नसतं. गप्पांमुळे त्याचं पुढचं ऐकणं बदललं का, हे तुम्हाला शोधायचं आहे. माझ्या मते कलावंताशी केलेल्या संवादाची कसोटी तेवढीच. ज्या संवादानंतर श्रोत्याला गाण्यातली एखादी जागा, म्हणजे स्वरांचं एखादं खास वळण, ऐकू यायला लागली, जी काल त्याच्या कानांवरून नुसती निघून जात होती, तो संवाद कारणी लागला. मग टाळ्या कमी पडल्या तरी चालेल.

आता टाळ्या कुठे पडतात ते पाहा. गप्पांच्या कार्यक्रमात सगळ्यात मोठी टाळी किश्शाला पडते. गुरूंनी कसं घराबाहेर उभं केलं, कुठल्या संस्थानिकाने काय बिदागी दिली, प्रवासात तंबोरा कसा फुटला. कलावंतांनाही हे ठाऊक असतं. दोन-तीन मुलाखती झाल्या की कोणता किस्सा कुठे सांगायचा हे त्यांच्या अंगवळणी पडतं, आणि मग दर गावात त्याच क्रमाने तेच किस्से येतात. किश्शांना माझा विरोध नाही. श्रोता किस्सा घरी नेऊ शकतो, दुसऱ्याला सांगू शकतो. आलाप तसा नेता येत नाही. म्हणून तो किश्शावर जीव लावतो. पण किश्शापाशी संवाद थांबला तर श्रोत्याच्या हाती कलावंताचं चरित्र लागतं आणि त्याची कला बाहेरच राहते.

कुमार गंधर्वांचं उदाहरण घ्या. त्यांच्याविषयी कुठेही बोलणं निघालं की क्षयाचा विषय निघतोच. 1948 च्या सुरुवातीला ते हवापालटासाठी देवासला गेले, डॉक्टरांनी गाणं बंद केलं, काही वर्षं गळा मिटून पडून राहावं लागलं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते खरंही असतं. पण गाण्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याच्या पुढे आहे. त्या पडून राहण्याच्या काळात माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानांवर पडत होती. त्या धुनांत त्यांना रागांची बीजं दिसली आणि पुढे मालवती, लगनगंधार, संजारी, सहेली तोडी असे राग त्यांनी उभे केले. तुम्ही कुमारांच्या परंपरेतल्या एखाद्या गायकाला बोलवाल तेव्हा त्यांना आजारपणाविषयी एक प्रश्न विचारा आणि मग म्हणा, ‘ती मूळची धून आधी जशीच्या तशी म्हणून दाखवा, आणि तिचा राग होताना काय वाढलं, काय गळलं ते गाऊनच सांगा.’ आजारपणाच्या गोष्टीवर लोक हळहळतील. धुनेवर मात्र ते प्रश्न विचारतील. हा फरक मी अनेकदा पाहिला आहे.

कलावंतांशी बोलून त्यांची कला समजून घेण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत आपल्या आठवणी नातवाला सांगून लिहवून घेतल्या. प्रा. बी. आर. देवधरांनी वर्षानुवर्षं उस्तादांच्या आणि पंडितांच्या बैठकीत बसून, त्यांना प्रश्न विचारून, जे मिळालं ते मराठी वाचकांपर्यंत पोचवलं. देवधर स्वतः गाणारे होते, शिकवणारे होते. त्यामुळे समोरच्याने एखादी चीज वेगळ्या वळणाने म्हटली की ‘हे असं का?’ हे त्यांना लगेच विचारता यायचं. तुमच्या मंडळात मुलाखत घेणारा कोण असावा, याचं उत्तर इथेच आहे. निवेदन गोड करणाऱ्यापेक्षा, थोडंफार शिकलेला आणि ऐकून ऐकून कान तयार झालेला माणूस बसवा. त्याचा एक ‘पुन्हा म्हणता का?’ दहा सुंदर वाक्यांच्या वर आहे.

कार्यक्रमाचा क्रम बदलला तर प्रतिसाद बदलतो, हे मी खात्रीने सांगते. बहुतेक ठिकाणी आधी गप्पा आणि मग गाणं असतं, किंवा नुसत्याच गप्पा. मी आधी वीस-पंचवीस मिनिटं गाणं ठेवते, काहीही न सांगता. मग बोलणं. आणि शेवटी पुन्हा तोच राग, दहा-पंधरा मिनिटं. तोच राग दुसऱ्यांदा येणं ही यातली मुख्य गोष्ट. श्रोत्याला स्वतःचं आधीचं ऐकणं आणि आत्ताचं ऐकणं शेजारी शेजारी ठेवता येतं. बोलणं आधी ठेवलं तर तो सांगितलेल्या गोष्टी शोधत बसतो. त्या सापडल्या की खूश होतो आणि न सांगितलेलं सगळं त्याच्या हातून निसटतं.

एका संध्याकाळी आमच्याकडे जयपूर-अत्रौलीची तालीम मिळालेल्या गायिका होत्या. भूप हा राग गाऊन झाला होता. बोलताना मी विचारलं, ‘देशकारातही हेच पाच स्वर. मग ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं?’ त्यांनी उत्तर दिलंच नाही. तानपुऱ्यांना खूण केली आणि आधी भूपातला गंधार लावला. सा रे ग, मग खाली मंद्र धैवताला जाऊन परत गंधार, पंचमाला स्पर्श करून परत गंधार. धैवत येत होता, पण मुक्काम गंधारावर. मग क्षणभर थांबून त्यांनी एकदम वरच्या अंगातला धैवत लावला, तिथेच ठेवला, तार षड्जाला जाऊन पुन्हा त्याच धैवतावर आल्या. रिषभ जेमतेम लागत होता. तीन-चार वेळा त्यांनी असं आलटून पालटून केलं, मध्ये शब्दही न बोलता. सभागृहात टाळी पडली नाही. लोक पुढे झुकून बसले होते. नंतर जमा झालेल्या चिठ्ठ्यांत एका श्रोत्याने लिहिलं होतं: ‘धैवत दोन्हीकडे होता. पहिल्या वेळी तो वाटेत लागला, दुसऱ्या वेळी तिथे जायचंच होतं.’ वादी-संवादी हे शब्द त्यांनी वापरले नव्हते, बहुधा त्यांना ते ठाऊकही नसावेत. पण वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर, काय असतो ते त्यांना कानाने कळलं होतं. असा प्रतिसाद मिळाला की ती चिठ्ठी जपून ठेवावी.

तानपुरा जुळवण्याचंही असंच. बहुतेक आयोजक हे काम पडद्यामागे उरकतात किंवा तेवढ्यात मान्यवरांचे सत्कार करून घेतात. माझी विनंती आहे, ते लोकांसमोर होऊ द्या आणि कलावंताला मोठ्याने बोलत जुळवायला सांगा. जोडीच्या तारा, मग पंचम, मग खर्ज, म्हणजे खालचा सा. जवारीचा दोरा, म्हणजे घोडीवर तारेखाली असतो तो, जरा पुढे-मागे सरकवला की नाद कसा उघडतो ते लोकांना ऐकू द्या. तानपुरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू यायला लागतो. तो कुणी छेडत नाही. तारेच्या मूळ कंपनांबरोबर पाचपट वेगाची जी कंपनं उठतात त्यांतून तो येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कलावंताने तो स्वर एकदा हळूच गाऊन दाखवायचा, मग थांबायचं, आणि तानपुरा चालू ठेवून श्रोत्यांना सांगायचं, ‘ज्यांना तो ऐकू येईल त्यांनी हात वर करा.’ सुरुवातीला चार हात वर होतात, मग हळूहळू वाढत जातात. काहींना शेवटपर्यंत ऐकू येत नाही, आणि ते तसं प्रामाणिकपणे सांगतात. हा प्रतिसाद कुठल्याही अभिप्राय-वहीतून मिळणार नाही.

आता वहीऐवजी काय करायचं? छोट्या कोऱ्या चिठ्ठ्या वाटा आणि त्यांवर दोनच प्रश्न छापा. एक, ‘आज अशी कोणती जागा ऐकू आली जी एरवी लक्षात आली नसती?’ दोन, ‘तुमचं लक्ष कुठे सुटलं?’ नाव लिहायची सक्ती नको. ‘कार्यक्रम कसा वाटला?’ हे विचारूच नका, कारण त्याचं उत्तर ठरलेलं आहे. लक्ष कुठे सुटलं, हे विचारायला आयोजक बिचकतात, पण लोक फार मोकळेपणाने लिहितात. ‘घराण्यांची वंशावळ सुरू झाली तेव्हा’, ‘सरगम फार भराभर झाली’, ‘निवेदक मध्ये मध्ये बोलत होते’. यातलं प्रत्येक वाक्य पुढच्या कार्यक्रमाला उपयोगी पडतं. शिवाय पंधरा दिवसांनी सात-आठ जणांना फोन करा आणि एवढंच विचारा, ‘त्यानंतर काही ऐकलंत का?’ कुणी सांगतं, रेडिओवर देशकार लागला होता, नाव सांगायच्या आधी ओळखला. हा खरा प्रतिसाद, आणि तो त्याच संध्याकाळी मिळणं शक्यच नसतं.

रेडिओवर काम करताना मला हे फार जाणवलं. विविध भारतीवरचा ‘संगीत सरिता’ आठवा. सकाळचा छोटासा कार्यक्रम, रोज थोडंसं, एखादे कलावंत एखाद्या रागाविषयी बोलणार, गाऊन किंवा वाजवून दाखवणार, आणि त्या रागावर आधारलेलं एखादं चित्रपटगीत. कपडे वाळत घालता घालता, डबे भरता भरता माणसं ते ऐकायची. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत रागांची नावं अशीच शिरली. रेडिओच्या श्रोत्याला शेजाऱ्याच्या टाळीत आपली टाळी मिसळता येत नव्हती. त्याला लिहायचं तर पोस्टकार्ड आणावं लागे, त्यात चार दिवस जात, आणि चार दिवसांनीही मनात टिकून राहिलेलं असेल तेच त्या कार्डावर उतरे. आज गप्पा चालू असतानाच व्हॉट्सॲपवर हात जोडलेल्या चित्रांची रांग लागते. त्या माणसांना कमी कळतं, असं मी म्हणणार नाही. त्यांना वेळ मिळालेला नाही. तुमचा पंधरा दिवसांनंतरचा फोन त्यांना तो वेळ देतो.

चिठ्ठ्यांत एक प्रकार असा येतो की ज्याला आयोजक घाबरतात आणि मी ज्याची वाट पाहते: ‘ऐकू आलं नाही.’ उदाहरणार्थ, कलावंत सांगतात की भैरवातला कोमल रिषभ आणि तोडीतला कोमल रिषभ एक नाहीत, श्रुतींचा, म्हणजे स्वराच्या उंचीतला बारीक फरक आहे. माना डोलतात. मग एक चिठ्ठी येते, ‘मला दोन्ही सारखेच वाटले.’ ही चिठ्ठी कलावंतांना जरूर वाचून दाखवा. चांगला कलावंत खूश होतो आणि पुन्हा गाऊन दाखवतो. भैरवातला रिषभ आंदोलन घेऊन षड्जाकडे कसा झुकतो, तोडीत तो कोमल गंधाराच्या शेजारी कसा बसतो. पुष्कळदा फरक स्वराच्या उंचीइतकाच तो लावण्याच्या पद्धतीत, त्याच्याकडे येण्या-जाण्याच्या वाटेत असतो, आणि तो वाटेसकट दाखवला की ऐकू येतो. इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. नाझीर जयराजभॉय आणि ए. डब्ल्यू. स्टोन या अभ्यासकांनी प्रत्यक्ष गायन-वादनातल्या स्वरांची मोजमापं करून 1963 मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांना आढळलं की एकाच रागातला एकच स्वरसुद्धा वेगवेगळ्या कलावंतांकडे नेमक्या एकाच उंचीवर नसतो. तेव्हा ज्याला फरक ऐकू आला नाही त्याचा कान कच्चा, असं धरून चालू नका. त्याने ऐकलं तेच लिहिलं, आणि लाजून गप्प बसला नाही, याचं मला फार मोल वाटतं.

इथून तुमच्या जाणकार सभासदांकडे येते. ‘राग चुकला’ असं सभेत कुणी म्हणालं की लोक त्यांना गप्प करतात, कलावंत दुखावतात आणि विषय तिथेच संपतो. त्या सभासदांना गप्प करू नका. त्यांना शांतपणे विचारा, ‘नेमका कोणता स्वर, कोणत्या संगतीत?’ ज्याला खरंच खटकलं आहे तो सांगू शकतो. मग कलावंताला म्हणा, ‘तुमच्या तालमीत हे कसं आहे, आणि दुसऱ्या पद्धतीने कसं गातात, दोन्ही दाखवाल का?’ नव्वद टक्के वेळा हा घराण्यांचा फरक निघतो. मालकंस सगळ्यांना ठाऊक आहे: रिषभ नाही, पंचम नाही. जयपूर घराण्यात संपूर्ण मालकंस गातात, त्यात हे दोन्ही स्वर येतात. ज्याने तो कधी ऐकला नाही त्याच्या कानाला तो पंचम चुकूनच लागल्यासारखा वाटणार, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. त्याचा आक्षेप हा त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला प्रश्न आहे, फक्त तो प्रश्नाच्या रूपात यायला हवा. ते रूप देणं हे मुलाखत घेणाऱ्याचं काम. आणि क्वचित कलावंत खरोखर चुकलेले असतात. अशा वेळी मोठे कलावंत स्वतःच म्हणतात, ‘हो, तिथे गेलं.’ तेही लोकांनी ऐकलेलं बरं.

दर वेळी येणाऱ्या त्याच त्या प्रश्नांविषयी तुम्ही वैतागून लिहिलं आहे. रियाज किती तास करता? तरुण पिढी ऐकते का? फ्यूजनविषयी काय मत? घराणी टिकतील का? हे प्रश्न विचारणाऱ्यांना नावं ठेवू नका. दुसरं काय विचारावं हे त्यांना कुणी कधी दाखवलेलंच नसतं. प्रश्न तोच ठेवून त्याला गाण्याकडे वळवा. ‘रियाज किती तास’ असं कुणी विचारलं की मी कलावंतांना म्हणते, ‘आज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय गायलात ते इथे गाता का?’ एका ज्येष्ठ गायकांनी तेव्हा खर्जातला षड्ज लावला आणि तो एका श्वासात, अजिबात न हलवता, ऐकणाऱ्यांनाच धाप लागेल इतका वेळ ठेवला. मग एक साधा पलटा, म्हणजे स्वरांचा सरावाचा क्रम, मुलांना शिकवतात तोच, पण इतका सावकाश की प्रत्येक दोन स्वरांमधली मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, सुटी सुटी दिसली. तासांचा आकडा त्यांनी सांगितला नाही आणि नंतर कुणी विचारलाही नाही. त्या दिवशीच्या चिठ्ठ्यांत तीन जणांनी लिहिलं की आपण मुलांना क्लासला पाठवतो, पण घरी त्यांचा षड्ज कधी ऐकलाच नाही.

साथीदारांना बोलतं करायला विसरू नका. तबलजींशी संवाद तर श्रोत्यांना पटकन भिडतो, कारण बोल तोंडाने म्हणता येतात. पढंत झाली की लहान मुलंसुद्धा मान हलवायला लागतात. झाकिर हुसेन यांनी जगभरच्या श्रोत्यांना अशा बोलण्या-वाजवण्यातून तबल्याशी कसं जोडून घेतलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. धोका एवढाच की तिहाईवर, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणलेल्या तुकड्यावर, टाळी देणं म्हणजेच ताल कळणं, असा समज होतो. त्यावर उपाय म्हणजे विलंबित एकतालाचा नुसता ठेका. बारा मात्रा, पण लय इतकी सावकाश की एक आवर्तन पाऊण मिनिट, कधी मिनिटभर चालतं. श्रोत्यांना डोळे मिटून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, एक बोट वर करायला सांगा. पहिल्या आवर्तनात बोटं सगळीकडे विखरून वर होतात. चौथ्या-पाचव्या आवर्तनात ती बरीचशी एकत्र येतात. त्यानंतर ख्याल ऐकताना बंदिशीचा मुखडा, म्हणजे सुरुवातीचा तुकडा, समेवर येतो तेव्हा जी ‘वाह’ निघते ती वेगळी असते. पेटीवाल्यांना तर कुणी काही विचारतच नाही. गायकाने एखादी अनपेक्षित जागा घेतल्यावर पुढच्या क्षणी बोटं काय करतात, एवढंच विचारून पाहा.

आता जुन्या सभासदांचं म्हणणं: बोलणं बंद करा. त्यांच्या बाजूने मला बरंच काही म्हणायचं आहे. काही श्रोत्यांना बोलण्याने खरोखर अडथळा होतो. त्यांचं ऐकणं शब्दांवाचून चालतं आणि ते अनेक वर्षं तसंच पक्व झालेलं असतं. अशा माणसाला ‘आता देशकारातला धैवत ऐका’ म्हणून सांगणं हा त्याच्या ऐकण्यात केलेला हस्तक्षेप आहे. त्यांच्यासाठी वर्षातल्या ठरावीक मैफली निखळ मैफली म्हणूनच ठेवा; निवेदन नको, सत्कार नको, रागाचं नावही कलावंताला वाटलं तरच. पण गप्पांच्या कार्यक्रमाला त्याच सभासदांना मुद्दाम बोलवा आणि श्रोत्यांत बसवा. त्यांची एक हलकी दाद, योग्य जागी आलेली, शेजारच्या नवख्या माणसाला खूप शिकवून जाते. महाराष्ट्रातल्या, गोव्यातल्या जुन्या बैठकींत श्रोते एकमेकांकडून असेच ऐकायला शिकले.

कलावंत बोलतात एक आणि गातात दुसरं, अशीही तक्रार चिठ्ठ्यांत येते. ती खरी असू शकते आणि तरीही संवाद वाया गेलेला नसतो. किशोरीताई आमोणकरांना आई मोगूबाईंकडून जयपूर-अत्रौलीची कडक तालीम मिळाली. पुढे त्या रागाच्या भावाविषयी, स्वरातल्या भावाविषयी आग्रहाने बोलत राहिल्या. लय सैलावली, आलाप विस्तारला. काही श्रोत्यांना वाटलं की घराण्याचा बांधेसूद डौल सुटला, काहींना त्यातच राग पहिल्यांदा भेटला. दोन्ही बाजूंचे लोक ताईंचीच वाक्यं एकमेकांना ऐकवत. मला त्या वादात शिकण्यासारखं हे दिसतं की ज्यांनी आपलं म्हणणं एखाद्या रागातल्या एखाद्या आवर्तनाला धरून मांडलं, त्यांचं बोलणं आजही ऐकावंसं वाटतं. नुसतं ‘भाव आहे’, ‘भाव नाही’ यावर कुणी कुणाचं मत बदललं नाही. म्हणून मतभेदाची चिठ्ठी आली की लिहिणाऱ्याला एवढंच विचारा, ‘कुठे? कोणत्या जागी?’ आणि कलावंताची वाक्यं हा पुरावा मानू नका. ती पाहण्याची एक दिशा आहे. गाणं त्या दिशेला गेलं की आणखी कुठे, हे श्रोत्याने आपल्या कानाने ठरवावं.

काही कलावंत बोलतच नाहीत. त्यांना बोलायला भाग पाडू नका. त्यांच्या शेजारी एका शिष्याला बसवा आणि त्याला शिकवायला सांगा, लोकांसमोर, एकच बंदिश. गुरू ‘असं नाही, असं’ म्हणतात त्या प्रत्येक वेळी श्रोत्याला दोन पर्याय ऐकायला मिळतात, आणि त्यांच्यातला फरक हीच त्या कलावंताची सगळी मुलाखत असते.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी ऑनलाइन गप्पा ठेवायच्या आहेत, असंही तुम्ही लिहिलं आहे. जरूर ठेवा, पण झूमवर एक गोष्ट सांभाळा. ते ॲप आजूबाजूचा गोंगाट आपोआप काढून टाकतं आणि एकसारखा चालणारा तानपुरा त्याला गोंगाटच वाटतो. मग गायकाचा आवाज कोरडा पडतो, मींड तुटते, आणि श्रोते लिहितात की ‘समजलं नाही’. सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, हेडफोन लावायला सांगा, आणि आधी तासभर तपासून घ्या. दोन घरांतून एकत्र गाणं-वाजवणं करायला जाऊ नका. आवाज उशिरा पोचतो आणि लय जमत नाही. शिकागो किंवा लंडनच्या श्रोत्याचा प्रतिसाद तुम्हाला फिका वाटला तर आधी त्याच्यापर्यंत काय पोचलं ते स्वतः ऐकून पाहा.

मानधनाविषयी स्पष्ट लिहिते. ‘गप्पाच तर आहेत’ म्हणून कलावंताला निम्मं मानधन देण्याची पद्धत अनेक मंडळांत आहे, आणि ती मला अजिबात मान्य नाही. मैफलीत कलावंत तयार केलेलं गाणं मांडतो. इथे त्याला ते उसवून दाखवायचं असतं, पुन्हा पुन्हा, कुणीही कुठेही थांबवेल त्या जागेपासून. हे जास्त कष्टाचं काम आहे. मैफलीइतकंच मानधन द्या, आणि साथीदारांनाही त्याच हिशेबाने.

शेवटी, जमा झालेल्या चिठ्ठ्यांचं काय करायचं? त्यांच्यावर तारीख, कलावंताचं नाव आणि गायलेला राग लिहून पाकिटात ठेवा. त्यांतल्या ज्यांत जागेचा उल्लेख आहे, मग तो स्तुतीचा असो, आक्षेपाचा असो किंवा ‘ऐकू आलं नाही’ असा असो, त्या वेगळ्या काढून आठवड्याभरात कलावंताला पाठवा. बहुतेक कलावंतांना आपल्या गाण्याविषयी एवढं नेमकं कुणी सांगितलेलं नसतं. काही जण उलट फोन करून त्या श्रोत्याशी बोलायला मागतात. चिठ्ठी लिहिणाऱ्याने नाव दिलं असेल तर आधी त्याची परवानगी घ्या. ध्वनिमुद्रण करणार असाल तर कलावंताची लेखी संमती घ्या आणि कोणता भाग बाहेर जाऊ द्यायचा नाही तेही लिहून घ्या, कारण गाणं उसवून दाखवताना माणूस अशा गोष्टी बोलतो आणि गातो, ज्या फक्त त्या खोलीतल्या लोकांसाठी असतात. पुढच्या कार्यक्रमाच्या आधी मुलाखत घेणाऱ्याला जुन्या चिठ्ठ्या वाचायला द्या. त्याचे निम्मे प्रश्न त्यांतूनच निघतील.